आमच्याकडे कुणाला काही नाही

मी फटकळ आहे, हे मला ओळखणारं कुणीही सांगेल. सोसायटीच्या मीटिंगला मी आत शिरले की आमचे सेक्रेटरी आधी घोटभर पाणी पितात. भाजीवाल्यापासून मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना मी कधी ना कधी सुनावलेलं आहे, आणि त्याचा मला अभिमान होता. "आपलं काय ते तोंडावर असतं," असं मी चारचौघांत म्हणायची. आता म्हणत नाही. आयुष्यात एकदाच तोंडावर बोलण्याची खरी गरज होती, तेव्हा मी गोड हसून खोटं बोलले. त्या खोट्यापायी माझा धाकटा भाऊ मरता मरता वाचला.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी घडलेली ही गोष्ट. आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो: मी, नवरा, आमची शाळकरी मुलगी आणि माझा भाऊ. आई गेल्यावर त्याला मीच गावाहून आणला होता. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, अंधेरीला एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात कामाला. स्वभावाने इतका सरळ की मला कधीकधी त्याचा राग यायचा. मुलाखतीला कुठला शर्ट घालू, बँकेच्या फॉर्मवर सही कुठे करू, सगळं मला विचारायचा. स्वतःबद्दल कुणी काही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं, "ताईला माहितीये." आणि खरोखरच, त्याच्याबद्दल त्याला नसलेली एक माहिती माझ्याकडे होती. निदान मला तसं वाटत होतं.

तो सहा वर्षांचा असताना गावी त्याला हिवताप आला. आमचं गाव रायगडात, माणगावच्या अलीकडे. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या, त्या आईने दिल्या. दोन-तीन दिवसांत त्याची लघवी बिनदुधाच्या चहासारखी काळपट झाली, डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि पोरगं उठून बसेना. तालुक्याच्या दवाखान्यात नेला तेव्हा मीच त्याला कडेवर घेतलं होतं. आईने तिथल्या डॉक्टरांना रडत रडत सांगितलं, की तिचा भाऊ, म्हणजे आमचा मामा, असाच गेला. बावीस वर्षांचा होता. तापाच्या गोळ्या घेतल्या, लघवी काळी झाली, मग थांबलीच, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने आईला बसवून समजावलं, की काही जणांच्या रक्तात जन्मतःच एक गोष्ट कमी असते. एरवी त्याचं काही जाणवत नाही. पण ठरावीक औषधं पोटात गेली की तांबड्या पेशी फुटतात, आणि तो फुटलेल्या रक्ताचा गाळ किडन्यांत जाऊन बसतो. हे आईकडून मुलाला येतं. बाईला सहसा त्रास होत नाही, ती नुसती पुढे देते. मग त्याने एका चिठ्ठीवर त्या गोळीचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली आणखी दोन नावं लिहिली, आणि म्हणाला, "ही चिठ्ठी जपा. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी दाखवा."

आईने चिठ्ठी जपली. दाखवली मात्र नाही कुणाला. परतीच्या एसटीत तिने मला सांगितलं, "घरी कावीळ झाली होती म्हणायचं. माझ्या माहेरचं नाव काढायचं नाय." माझी आजी, वडिलांची आई, जिवंत होती तेव्हा. तुझ्या माहेरचं दुखणं माझ्या नातवाला दिलंस, हे वाक्य आईला जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी सोळा वर्षांची होते, मला ते लगेच कळलं. पुढे, मरण्याआधी, आईने ती चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि पुन्हा तेच बजावलं. मी ती कपाटात, साड्यांखालच्या वर्तमानपत्राच्या खाली ठेवली. भावाला काही सांगितलं नाही. त्याला सांगितलं की तो चार जणांना सांगणार, मग त्याचं लग्न कसं जमणार, असा माझा हिशेब. आजार आईकडून आला आणि लपवाछपवीही आईनेच शिकवली, असं म्हणून मला हात झटकता येतील. पण आई अडाणी होती आणि धाकात होती. मी बी.ए. झालेली होते आणि मला कुणाचा धाक नव्हता.

लग्न जमलं. मुलगी भाईंदर पश्चिमेची, बालवाडीत शिकवणारी, माणसं मूळची रत्नागिरीकडची. तिचे वडील, त्यांना मी काका म्हणायची, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हळू आवाजात बोलणारे. पाहण्याच्या कार्यक्रमात पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी जरा संकोचूनच विचारलं, "घराण्यात काही मोठं दुखणंबिखणं? विचारायचं म्हणून विचारतो हो, राग नका मानू." मी कपबश्या उचलता उचलता म्हणाले, "छे हो काका. आमच्याकडे कुणाला काही नाही." अशा बैठकीत सगळेच हे म्हणतात. मधुमेहाने पाय गेलेला आजोबा खिडकीशी बसलेला असला तरी म्हणतात. मला त्यात काही वाटलं नाही.

साखरपुडा झाला, लग्न दोन महिन्यांवर आलं आणि भावाला थंडी वाजून ताप भरला. आमच्या भागात तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी. घरोघर पिंपं आणि बादल्या भरलेल्या, शेजारी नव्या इमारतीचं काम, तिथे डबकी. मलेरिया दर बिल्डिंगमध्ये दोघा-चौघांना असायचाच. त्या संध्याकाळी काका पत्रिकेचा नमुना दाखवायला आले होते. भावाला चक्कर येतेय म्हटल्यावर तेही रिक्षात बसले. मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी त्याला एका बाजूने धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या.

डॉक्टर गुजराती, सगळ्या भाषा एकत्र करून बोलणारे. रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तेव्हाही काका बरोबर होतेच. "मलेरिया आहे, साधावाला," डॉक्टर म्हणाले. "तीन दिवस ही गोळी, आणि चौदा दिवस ही दुसरी. नाहीतर लिव्हरमध्ये लपून बसतो, परत येतो." मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "पहिले कधी कुठल्या दवाची रिॲक्शन? घरात कोणाला रक्ताचा, किडनीचा काही प्रॉब्लेम?"

प्रश्न भावाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताईला माहितीये."

डॉक्टर माझ्याकडे वळले. काकाही वळले. साध्या उत्सुकतेने, त्यांच्या नजरेत संशय असा काहीच नव्हता. पण पोह्याच्या बशा उचलताना मी काय म्हणाले होते ते मला आठवलं. मी हसले आणि म्हणाले, "नाही डॉक्टर, आमच्याकडे कुणाला काही नाही." डॉक्टरांनी चिठ्ठी खरडली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन मी दार लावलं आणि कपाटातली आईची चिठ्ठी काढली. तिच्यावरचं नाव वेगळं आणि नव्या गोळ्यांच्या पट्टीवरचं ठळक नाव वेगळं. मला हायसं वाटलं. वेगळी गोळी आहे, आपण उगाच घाबरलो. आता खरं सांगायचं तर, कंपनीचं नाव एक असतं आणि आतल्या औषधाचं दुसरं, हे मला माहीत होतं. ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, हेही माहीत होतं. मी पट्टी उलटून पाहिली नाही. पाहिली असती तर डॉक्टरांकडे परत जावं लागलं असतं आणि काकांसमोर मी खोटी पडले असते, म्हणून नाही पाहिली. चिठ्ठी पुन्हा वर्तमानपत्राखाली सरकवली आणि त्याला गोळी दिली, वर दूधही दिलं.

ताप उतरला. दोन दिवस मी स्वतःवर खूश होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बाथरूममधून बाहेर आला आणि दाराची चौकट धरून उभा राहिला. "ताई, लघवी कशीतरीच होतेय गं. चहासारखी." त्याचे डोळे मी उजेडाकडे वळवून बघितले. मग स्वयंपाकघरात जाऊन पट्टी उलटली. बारीक अक्षरात तेच नाव होतं.

त्याच वेळी डॉक्टरांना फोन लावून सगळं ओकले असते तरी बरंचसं निस्तरलं असतं. मी त्याला जवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल केलं, इतकंच. तिथल्या तरुण डॉक्टरने सगळं पहिल्यापासून विचारलं. नवऱ्याने भाईंदरला फोन केलेला, त्यामुळे काका आणि ती मुलगी अर्ध्या तासात हजर. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. एकदा नाही म्हटल्यावर आता हो कसं म्हणणार? मी म्हणाले, "नाही." आता मला हसता आलं नाही, एवढाच काय तो फरक.

मलेरियाच जोरात आहे, त्यानेच लघवी काळी होते, असा त्यांचा अंदाज पडला. सलाईन लावलं आणि गोळ्यांचा कोर्स चालू ठेवला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला नर्स छोट्या वाटीत गोळी घेऊन आली. मी ती ओळखली. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, मुलगी त्याच्या उशाशी. मी पुढे होऊन म्हणाले, "आत्ता नको सिस्टर, उलटी होईल त्याला." नर्स म्हणाली, "एकच तर आहे काकी, घेऊ दे." त्याने वाटी हातात घेतली आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. "घेऊ ना, ताई?"

मी "घे" म्हणाले.

किती वेळा मी तो क्षण मनात परत आणते आणि त्यात वेगळं वागून बघते. वाटी हिसकावते, ओरडते, निदान हातून पडल्यासारखं करून सांडते. मी, जी रिक्षावाल्याशी मीटरवरून भर चौकात भांडते, त्या मला तेव्हा एक वाटी सांडता आली नाही. लग्न मोडेल ही भीती होती, पण खरं म्हणजे तीही त्या घडीला मागे पडली होती. मी चारचौघांत खोटी ठरेन, एवढंच उरलं होतं. माझ्या भावाच्या जिवासमोर मी माझी अब्रू ठेवली आणि मला ती जड वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी होती. रक्त इतकं उतरलं होतं की त्याचे ओठ कागदासारखे दिसत होते. नर्सिंग होमने हात वर केले आणि अॅम्ब्युलन्सने त्याला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथल्या किडनीच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. फाइल चाळून त्या मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर या." कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघीच होतो. "हे मलेरियाचं वाटत नाही मला," त्या म्हणाल्या. "औषधाचं वाटतंय. नीट आठवून सांगा. त्याला किंवा आईकडच्या कुठल्या पुरुषाला असं कधी झालंय?"

तिथे ऐकायला कुणी नव्हतं म्हणून मी बोलले. मामा, सहा वर्षांचा भाऊ, चिठ्ठी, सगळं. नवऱ्याला फोन करून कपाटातली चिठ्ठी आणायला सांगितली. बाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्यांनी वॉर्डात जाऊन ती गोळी बंद करायला सांगितली आणि परत आल्या. "ही उणीव आहे का, याची काल नर्सिंग होममध्ये त्याच्या रक्ताची एक चाचणी झालीय," त्या म्हणाल्या. "तिच्यात सगळं ठीक आलंय. ऐन त्रासात ती बरेचदा फसवते, कारण कमजोर पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात, तपासायला उरतात त्या चांगल्या. म्हणून आम्ही घरच्यांना विचारतो." मग फाइल मिटून म्हणाल्या, "काल सांगितलं असतं तर कालची गोळी गेली नसती."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, पण समजूत घातली नाही. ते मला योग्यच वाटलं.

नंतरचे दहा दिवस डायलिसिस आणि रक्ताच्या बाटल्या यांत गेले. आमच्या जिन्यात तळमजल्यावरच्या काकूंनी आणि वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलाने त्याच महिन्यात तीच गोळी चौदा दिवस घेतली होती आणि दोघं ठणठणीत होते. बाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांच्या रक्तात ती उणीव नाही. बस, इतकंच." मामा गेला, मग हाही जाणार का, हे विचारायला माझी जीभ रेटत नव्हती. त्यांनीच ओळखलं. "एकच मार बसला तरी काहींच्या किडन्या लवकर उठतात, काहींच्या उठतच नाहीत. त्यातही जन्मतः मिळालेलं काहीतरी असणार. नक्की काय, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. वाट बघायची." मग त्यांनी मला मुलं किती ते विचारलं. एक मुलगी, म्हटल्यावर त्यांनी तिचीही तपासणी करून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "आणि तिला सांगून ठेवा. लपवू नका." त्यांनी मला ओळखलं होतं.

अकराव्या दिवशी लघवी सुरू झाली. आधी पावभर, मग अर्धा लिटर. नर्स मापाचं भांडं उजेडात धरून दाखवायची आणि आम्ही सगळे बाळाचं बारसं असल्यासारखे त्या भांड्याकडे बघायचो. बाई राउंडला आल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. किडन्या परत येतील, म्हणाल्या.

तेव्हा मी ठरवलं, की मुलीकडच्यांना आता सांगायचं. कागदपत्रांत सगळं लिहिलेलं होतं, आज ना उद्या कळणारच होतं. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर एकटी बसली होती. मी शेजारी बसले आणि मनात घोकलेलं बोलायला सुरुवात केली, की हा आजार आमच्या आईकडून आलेला आहे, तुम्हाला आधी सांगायला हवा होता, तुम्ही आता नाही म्हणालात तरी आमचा राग नाही.

ती माझ्याकडे गोंधळून बघत राहिली. "पण मला माहिती होतं, ताई," ती म्हणाली. "साखरपुड्याच्या आधी आम्ही दोघं चौपाटीला गेलो होतो ना, तेव्हाच सांगितलं त्यांनी. लहानपणी कुठल्यातरी गोळ्यांनी मरता मरता वाचलो, मामा त्यातच गेला, म्हणाले. तेव्हा दवाखान्यात तुम्ही आणि आई बोलत होतात, ते सगळं ऐकलं होतं त्यांनी."

"आणि तुला काही वाटलं नाही?"

"काय वाटायचंय? मी विचारलं, कुठल्या गोळ्या. तर म्हणाले, नाव नाही माहीत, ते ताईला माहिती असतं. नर्सिंग होममध्ये तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मला वाटलं, या गोळ्या त्या नसणार. इथे काय झालंय ते काल डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबांना सगळं सांगितलं मी. बाबा म्हणाले, एवढंच ना, मग त्या गोळ्या टाळायच्या."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता, टोमण्यांना उत्तर द्यायची मला सवय आहे. ज्याच्यासाठी मी त्याला ती वाटी तोंडाला लावू दिली ते गुपित नव्हतंच. त्याने ते कधीच, दाणे खाता खाता, सांगून टाकलेलं होतं. दवाखान्यात तो "ताईला माहितीये" म्हणाला ते मला वाटलं तसं काही न कळून नव्हे. मी आता नाव सांगेन, म्हणून तो निर्धास्त बसला होता. आणि मी नाही म्हणाले तेव्हा, ही गोळी ती नव्हे, असं त्याने धरून घेतलं. मला शरमेने त्या बाकावरून उठवेना.

तरी उठले. त्याला आत्ताच, सगळ्यांसमोर, खरं काय ते सांगायचं, असं म्हणून वॉर्डात गेले. ती माझ्या मागून आली. काका त्याच्याजवळ खुर्चीवर बसले होते. तो बारा दिवसांत अर्धा झाला होता, पण मला बघून त्याने उशीवरून मान उचलली.

"ताई, हे बघ ना," तो म्हणाला. आवाज अजून क्षीणच होता. "काका विचारत होते, ताईंना माहीत होतं तर दवाखान्यात बोलल्या का नाहीत. मी म्हटलं, अहो, मला ताप एवढा, तिची धावपळ, लग्नाची कामं, त्यात तिच्या लक्षात नसेल आलं. हो ना गं?"

तिघेही माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "हो रे. डोक्यातच आलं नाही."

त्याने समाधानाने मान परत उशीवर टेकवली आणि काकांकडे बघितलं, मी सांगत होतो ना, अशा थाटात. काका म्हणाले, "होतं असं माणसाचं." ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे न बघता मान डोलावली आणि त्याचं पांघरूण नीट करायला लागले.